चिमटीतली रेघ

साखरपुड्यात मिळालेली मानाची इरकल जगदाळ्यांनी परत पाठवली, ती कुरिअरनं. सोबत ना फोन, ना निरोप. डिलिव्हरीच्या यंत्रानं फाटकाशी खोका ठेवला, हेमांगी कणसेच्या चेहऱ्याचा फोटो घेतला आणि ते घरघरत पुढच्या दाराकडे गेलं. हेमांगीनं खोका उघडला. साडीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

तिनं पुण्याला मुलीला फोन लावला. मनवा पुण्याभोवती फिरणाऱ्या वर्तुळ रेल्वेवर चालक होती आणि ड्यूटीच्या मध्ये सहसा फोन घेत नसे. त्या दिवशी तिनं पहिल्याच रिंगला घेतला.

"आई, सौमित्रचा फोन लागत नाहीये. तुला काही कळलंय का?"

"साडी परत आलीये," हेमांगी म्हणाली.

पलीकडे मनवाच्या मागे कुठल्यातरी स्टेशनाची सूचना ऐकू येत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हेमांगी साताऱ्याहून कराडला गेली. सौमित्रची आई दारातच भेटली. तिनं बसायला सांगितलं, पाणी दिलं, पण साखरपुड्यापासून 'विहीणबाई, विहीणबाई' म्हणून तोंड न थकणारी ही बाई आज 'कणसेताई' म्हणाली, तेव्हाच हेमांगी काय ते समजली.

"एवढ्या लांब कशाला आलात, कणसेताई?"

"साडी आली. कारण आलं नाही. ते विचारायला आले."

जगदाळेबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "धाकट्या दिरांनी स्थळाचा तपास करायला लावला. हल्ली सगळेच करतात. तुम्हीही केला असेल आमचा."

"आम्ही नाही केला."

"मग करायला हवा होता." त्या हे टोचून बोलल्या नाहीत, खरोखरच नवल वाटल्यासारख्या बोलल्या. "रिपोर्टात आलंय, की तुमच्याकडे मेंदूचा आजार आहे, वडिलांकडून आलेला. तुम्हाला आहे. मनवाला असायची शक्यता अर्धी."

हेमांगीला हसूच आलं. "अहो, मला कसला आजार? मी ठणठणीत आहे. आणि कुणी तपासलं मला? माझं रक्तसुद्धा कुणी काढलेलं नाही."

"रक्त कशाला लागतंय? तुमच्या रांगोळ्या आहेत की."

"रांगोळ्यांचं काय?" हेमांगीनं विचारलं.

"मी पण आहे हो तुमच्या 'आपलं अंगण' मंडळात," जगदाळेबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुमची ती राजहंसांची रांगोळी मी दर दिवाळीला काढते. मनवाचं स्थळ आलं तेव्हा केवढा आनंद झाला होता मला. पण वडिलांचे हात कसे हलायचे, ते कसे गेले, हे तुम्हीच लिहिलंय तिथं. आम्ही काही कुणाच्या कपाटात डोकावलो नाही." मग त्या थोडं पुढं झुकल्या. "तुम्हाला मुलगा असता आणि माझ्या मुलीबद्दल असं निघालं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा."

पाण्याचा पेला हेमांगीनं तसाच खाली ठेवला आणि ती उठली.

*

'आपलं अंगण' या रांगोळीच्या ऑनलाइन मंडळात हेमांगी आली, तेव्हा ती छत्तिशीची होती आणि मनवा अकरा वर्षांची. उदयराव मोटारसायकलच्या अपघातात नुकतेच गेले होते. सोसायटीत तिला कुणी वाईट बोललं नाही. फक्त पाडव्याच्या सकाळी ती रांगोळीचा डबा घेऊन दारात बसली, तेव्हा शेजारच्या काकूंनी तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला. "आज आमची वैष्णवी काढेल हो तुमच्या दारात, तुम्ही राहू द्या," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मायाच होती. ती मायाच हेमांगीला जास्त लागली.

त्याच दिवशी दुपारी तिनं स्वयंपाकघराच्या फरशीवर रांगोळी काढली, फोटो घेतला आणि कुणीतरी सुचवलेल्या त्या ऑनलाइन मंडळात टाकला. खाली लिहिलं, 'नवरा गेल्यावरची पहिली.' तासाभरात महाराष्ट्रातल्या, आणि परदेशातल्याही, अनोळखी बायकांचे शेकडो निरोप आले. एकीनं लिहिलं होतं, 'ताई, उद्या दारात काढा. आम्ही सगळ्या तुमच्या मागे उभ्या आहोत असं समजा.' हेमांगीनं दुसऱ्या दिवशी दारात काढली.

मग ती रोज काढू लागली. शाळेतून आल्यावर मनवा ठिपके मांडायची, हेमांगी ते जोडायची आणि फोन स्टूलावर ठेवून दोघींचा व्हिडिओ घ्यायची. मंडळात रांगोळीबरोबर तिचं निमित्तही लिहायची रीत होती. त्यामुळे कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा मुलगा नापास झालाय, कुणाचं ऑपरेशन आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे. हेमांगीनंही लिहिलं. तिच्या वडिलांना, नानांना, उतारवयात हातापायांचे झटके यायचे, चालताना झोक जायचा. आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या त्या माणसाला अख्खं गाव बेवडा म्हणायचं. त्यांच्या श्राद्धाला तिनं मोठी कमळाची रांगोळी काढली आणि नानांवरचा तो डाग पुसायला म्हणून सगळं सविस्तर लिहून टाकलं. अनेकींनी डोळे पुसत ते वाचल्याचं कळवलं. हेमांगीला वाटलं, नानांना न्याय मिळाला.

पुढे कॉम्प्युटरनं बनवलेल्या चित्रांचा सुळसुळाट झाला. हात न लावता बनवलेल्या, अंगणात कधीच न उतरलेल्या रांगोळ्या मंडळात येऊ लागल्या आणि खऱ्या मागे पडू लागल्या. तोवर हेमांगी मंडळाची संचालक झाली होती. नियम तिनंच मांडला. फोटो चालणार नाही, सलग व्हिडिओ हवा. त्यात काढणारीचा हात दिसायला हवा. मापासाठी बाजूला एक नाणं ठेवावं. आणि खाली खरं नाव, गाव लिहावं.

'ओसरी' या नावानं लिहिणाऱ्या एका सदस्येनं तेवढा विरोध केला. ती कोण, कुठली, कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या रांगोळ्या मात्र अप्रतिम असत. तिनं लिहिलं, 'रांगोळी बघा ना, हात कशाला हवा? छंद म्हणून चार ठिपके काढायला ओळखपत्र कशाला? उद्या याचं कोण काय करील, कुणी सांगावं?'

हेमांगीनं उत्तर दिलं होतं, 'आपल्या अंगणात येताना कुणी तोंड झाकून येतं का? ज्याला काही लपवायचं नाही, त्याला भीती कसली?'

त्या उत्तराला हजारो जणींनी बदाम दिले. ओसरी मंडळ सोडून गेली. नियम लागू झाला आणि पुढची दीड दशकं दोन लाख बायकांचे हात, मापाच्या नाण्यासह, तारीखवार आणि नाव-गावासकट, कुणालाही बघता येतील असे साठत राहिले.

*

रांगोळी चिमटीतून पडते. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली फट किती, त्यावर रेघेची जाडी ठरते आणि ती फट प्रत्येक क्षणी मेंदू सांभाळत असतो. हात किंचित अडखळला, तर त्या जागी चार कण जास्त पडतात किंवा कमी. आपल्या डोळ्यांना रेघ सरळच दिसते. पण यंत्राला ती जाडी केसाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मोजता येते. भूकंपमापकाच्या कागदावर जमिनीची थरथर उमटते, तशी रांगोळीच्या रेघेत मेंदूची उमटते.

हंटिंग्टन नावाचा एक आजार आहे. एका जनुकातली तीन अक्षरं गरजेपेक्षा जास्त वेळा पुन्हा पुन्हा लिहिली गेलेली असतात, एवढीच काय ती चूक. पण त्या चुकीमुळे मेंदूचा हालचालींची लय राखणारा भाग हळूहळू झिजतो. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडे चूक असली, तर प्रत्येक मुलाकडे ती येण्याची शक्यता बरोबर निम्मी असते. बहुतेकांना चाळिशी-पन्नाशीपर्यंत काही जाणवत नाही. मग हात झटकू लागतात, तोल जातो, स्वभाव बदलतो, बोलणं अडखळतं. थांबवणारं औषध तेव्हाही निघालेलं नव्हतं.

दक्षिणेतल्या एका विद्यापीठातल्या दोघा संशोधकांना शंका होती, की ही झीज लक्षणांच्या खूप आधी, अगदी लहानपणीही, बोटांच्या लयीत बारीकशी उमटत असावी. पण ते सिद्ध करायला एकाच माणसानं एकच नाजूक हालचाल वर्षानुवर्षं केल्याच्या नोंदी हव्या होत्या. अशा नोंदी कुठल्याच रुग्णालयाकडे नव्हत्या. 'आपलं अंगण'मध्ये होत्या. नाणंसुद्धा ठेवलेलं होतं.

संशोधकांचा हेतू चांगला होता. नवी औषधं कुणावर करून बघायची, ते लवकर कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण पद्धत प्रसिद्ध झाली आणि वर्षभरात 'पूर्वचाहूल' नावाच्या कंपनीनं ती उचलली. माणसाच्या जनुकांवरून त्याची नोकरी किंवा विमा नाकारायला कायद्यानं बंदी होती. पण रांगोळीचा व्हिडिओ ही काही जनुकांची चाचणी नव्हे, शिवाय ज्याचा त्यानं स्वतःच सगळ्यांसमोर ठेवलेला. पूर्वचाहूलनं सगळे हात मोजले. खालच्या हकिगती वाचून कोण कुणाची मुलगी, कोण कुणाची आई, याच्या वंशावळी जुळवल्या. आणि विमावाले, नोकरीवाले, स्थळांचा तपास करणारे, असे जे मागतील त्यांना त्या विकायला काढल्या.

हे सगळं हेमांगीला समजावून सांगितलं ते साताऱ्यातल्या एका मेंदूविकार तज्ज्ञानं. त्याच्याचकडे तिनं रक्त दिलं. रेघेनं सांगितलं होतं, तेच रक्तानंही सांगितलं.

"अजून बरीच वर्षं काही होणार नाही कदाचित," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या वडिलांनाही उशिराच झालं ना?"

"हो," हेमांगी म्हणाली. नाना दारू पीत नव्हते हे आता तिच्याकडे रीतसर शिक्क्यानिशी होतं.

*

शनिवारी मनवा साताऱ्याला आली. चपला काढतानाच म्हणाली, "मला गाडीवरून उतरवलंय."

"उतरवलंय म्हणजे?"

"डेपोत बसवलंय. सुट्या भागांची मोजदाद करायला. कारण विचारलं, तर साहेब म्हणाले विम्याचा शेरा आहे, आमच्या हातात नाही. हॅन्डल धरणाऱ्या माणसाच्या हाताबद्दल शंका नको म्हणे." ती पंख्याखाली बसली. "माझी गाडी एकदासुद्धा फलाटावर पुढे-मागे थांबलेली नाही, आई. एकदासुद्धा."

हेमांगीनं तिला रक्ताच्या तपासणीचं सांगितलं. मनवानं पुढं होऊन आईचा हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. बराच वेळ तो तिनं तसाच मांडीवर घेऊन ठेवला. हेमांगीला वाटलं, आता ही रडेल. पण मनवाच्या मनात भलतंच काही चाललं होतं.

"त्या व्हिडिओंत मी पण आहे ना?"

हेमांगीला आधी कळलंच नाही.

"ठिपके मी मांडायचे. सहावीपासून दहावीपर्यंत. 'माझ्यापेक्षा मनूचा हात सरळ आहे' असं तू खाली लिहायचीस. नाव, वय, शाळा, सगळं." तिनं आईचा हात सोडला. "म्हणजे अर्धी शक्यता वगैरे ते बाहेर सांगायला. त्यांच्याकडे माझं उत्तर आहे. पक्कं."

हेमांगी समोरच्या खुर्चीत बसली. एवढ्या दिवसांत तिला हे सुचलं नव्हतं. जगदाळ्यांच्या रिपोर्टात कदाचित एवढंच नसेल. सौमित्रनं फोन उचलायचं बंद केलं, ते कदाचित निम्म्या शक्यतेमुळे नसेलही.

"मनू, आपण तुझंही रक्त तपासून घेऊ. एकदा काय तो सोक्षमोक्ष लागू दे. निम्मी शक्यता चांगलीही आहे ना?"

"नाही."

"अगं पण..."

"नाही म्हणाले ना! औषध आहे का त्याच्यावर? नाही. मग कळून करू काय? रोज सकाळी दात घासताना हाताकडे बघत बसू? कपातला चहा सांडला की घाबरू? वीस-पंचवीस वर्षं?" तिचा आवाज चढला होता, तो तिनंच खाली आणला. "मला न कळता जगायचंय, आई. नानांना कळलं नव्हतं, तुलाही पन्नाशीपर्यंत कळलं नव्हतं. तुम्ही दोघांनी संसार केलेत, मुलं वाढवलीत. मला तेवढं तरी मिळू दे."

"बरं. नको तपासूस."

"आणि तू ते पुसून टाक. तू टाकलंयस, मी तेव्हा कायद्यानं अज्ञान होते, म्हणजे पुसायचा हक्क तुझाच लागतो. मी विचारून आलेय वकिलाला." तिनं आईकडे रोखून बघितलं. "पण बघायचं नाहीस. शपथ घे माझी. मला माहीत नाही, तर तुलाही माहीत नको."

हेमांगीनं शपथ घेतली.

*

त्या आठवड्यात तिनं मंडळात सगळं लिहिलं. काही लपवलं नाही. पूर्वचाहूल काय करते, जगदाळ्यांनी काय केलं (नाव न घेता), मनवाची गाडी कशी गेली. शेवटी लिहिलं, 'बायांनो, हात दाखवू नका. जुने व्हिडिओ काढून टाका. नियम मी केला होता, मीच मागे घेते.'

उत्तरं आली. पहिली काही कळवळ्याची होती. मग अकोल्याच्या एकीनं लिहिलं, 'माझ्या हाताचा रिपोर्ट बघून सुनेनं नातवाला घेऊन माहेर गाठलंय. हात दाखवा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना, ताई?' मग दुसरीचं, मग तिसरीचं. लपवायचं काय आहे, या हेमांगीच्या जुन्या वाक्याचा फोटो कुणीतरी शोधून पुन्हा टाकला. त्यालाही बदाम मिळाले.

व्हिडिओ काढून टाकूनही उपयोग नव्हता. प्रती केव्हाच गेल्या होत्या. उलट जिनं घाईनं ते काढून टाकले तिच्या घरात काहीतरी असणार, असा सरळ हिशेब तपास करणारे लावू लागले. त्यामुळे एक-दोन दिवसांतच बायकांनी काढून टाकलेले व्हिडिओ पुन्हा चढवले.

आणि मग पूर्वचाहूलनं हिरवी खूण आणली. ज्या हातात काही सापडलं नाही, त्या हाताच्या मालकिणीला आपल्या नावापुढे हिरवा ठिपका लावता येईल, फुकट. त्याखाली लिहिलेलं असे, 'निर्धोक हात'. पहिला ठिपका नगरच्या एका आजींनी लावला. नातीचं लग्न जमवायचं होतं, असं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं. संक्रांतीपर्यंत मंडळ हिरवंगार झालं. जिच्या नावापुढे ठिपका नव्हता, तिच्या रांगोळीखाली कुणी काही लिहिनासं झालं. वाईटही नाही, चांगलंही नाही. शेजारच्या काकूंनी डबा काढून घेतला होता, तशीच ही माया होती.

संचालकांच्या बैठकीत हेमांगीलाही विचारणा झाली. पडद्यावर चौघीजणी होत्या. चौघींच्याही नावांपुढे हिरवा ठिपका होता.

"हेमाताई, गैरसमज करून घेऊ नका," त्यांतली नाशिकची सगळ्यांत जुनी मैत्रीण म्हणाली. उदयरावांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला साताऱ्याला येऊन ती हेमांगीच्या स्वयंपाकघरात राबली होती. "पण नव्या येणाऱ्या बायका विचारतात, की संचालकांनाच ठिपका कसा नाही. तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या."

"ठिपका लावू नका असं आपण सगळ्यांना सांगूया ना," हेमांगी म्हणाली. "सगळ्यांनी काढला तर कुणालाच नसेल."

मैत्रिणीनं नजर खाली केली. "माझ्याही मुलीचं बघतोय आम्ही, ताई."

*

पूर्वचाहूलचं कार्यालय पुण्यात बाणेरच्या एका काचेच्या इमारतीत होतं. हेमांगीला वाटलं होतं, तिथं कुणी उर्मट माणूस भेटेल. तिची भांडायची सगळी तयारी होती. पण समोर आला तो मनवाच्या वयाचा, ओजस नावाचा, अतिशय नम्र मुलगा. त्यानं खुर्ची ओढून दिली.

"मॅडम, पुसायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी आत्ता तुमच्यासमोर पुसतो." त्यानं तिचं नाव शोधलं. "फक्त एक आहे. व्हिडिओत दोन व्यक्ती आहेत. कोणता हात कुणाचा, ते तुम्ही बघून सांगायला लागेल. नाहीतर भलत्याच कुणाची माहिती पुसली जाईल."

"मला बघायचं नाही. मी शपथ घेतलीये."

"निकाल नका बघू. फक्त हात बघा आणि हो म्हणा." तो म्हणाला. "माझी आईसुद्धा काढते रांगोळी. मला कळतं, मॅडम. मी आकडा झाकतो."

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला आणि खालच्या भागावर खरंच स्वतःचा तळहात धरला.

पडद्यावर साताऱ्याच्या घराचं दार होतं. गेरू सारवलेली पायरी, कडेला नाणं. दहावीतल्या मनवाचा हात, मनगटावर राखी. चिमटीतून एकेक ठिपका पडत होता, एकासारखा एक. मधूनच बाहेरून उदयरावांच्या आईचा आवाज आला, 'मने, दूध घेऊन जा गं,' आणि हात थबकला, मग पुन्हा चालू झाला. हेमांगीला तो हात इतका सुंदर वाटला, की ती सगळं विसरून बघत राहिली.

मग तिच्या लक्षात आलं. व्हिडिओच्या चारी बाजूंनी चौकट होती. मंडळातल्या सगळ्या ठिपक्यांचा रंग तिला आता पाठ झाला होता. ही चौकट त्या रंगाची नव्हती. ती लाल होती.

ओजसचा तळहात अजून आकड्यावर होता. चौकटीचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हाच ना, मॅडम? तुमच्या मुलीचा?"

"हो," हेमांगी म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. हात नाहीसा झाला.

"पुसलं. आता आमच्याकडे काही नाही."

"आणि ज्यांना विकलं त्यांच्याकडे?"

ओजसनं पहिल्यांदाच नजर चुकवली. "ते त्यांच्याकडे राहतं, मॅडम. त्यावर आमचा ताबा नाही."

*

मनवाची खोली तिथून फार लांब नव्हती. हेमांगी रिक्षानं निघाली, पण मध्येच उतरली आणि बरंच अंतर चालत गेली. वाटेत तिनं चेहरा कसा ठेवायचा, ते ठरवलं. थकलेली दिसायला हरकत नव्हती. चिडलेली दिसली तरीही चाललं असतं. पहिलं वाक्य काय बोलायचं, तेही ठरवलं.

मनवा दारातच उभी होती. डेपोचा निळा कोट अजून अंगावर होता.

"पुसलं बाई एकदाचं," हेमांगी म्हणाली. "मुलगा चांगला होता. काही त्रास दिला नाही."

"बघितलंस?"

"नाही. त्यानं हात धरला होता त्याच्यावर. मी काही बघितलं नाही."

"बरं." मनवा आत वळली. तिनं चहाचं आधण ठेवलं, साखर घातली, आलं किसलं. हेमांगी पलंगाच्या कडेवर बसून ट्रॅफिकबद्दल बोलत राहिली, बाणेरच्या उंच इमारतींबद्दल बोलत राहिली, मग साताऱ्याच्या पाण्याबद्दल. मनवा पाठमोरी होती. चहा उकळला, तरी तिनं तो ओतला नाही. गॅस मात्र बंद केला.

"आई."

"काय गं?"

"त्या इमारतीतून बाहेर पडून तुला तास होऊन गेला असेल."

"चालत आले जरा."

"चांगलं असतं, तर तू लिफ्टमधूनच फोन केला असतास." मनवा वळली. तिचे डोळे कोरडे होते. "शपथ मोडली म्हणून माझ्या शिव्या खाल्ल्या असत्यास, पण रडत-ओरडत सांगितलं असतंस. तुला पोटात ठेवताच आलं नसतं. तुझ्या पोटात कधी काही राहिलंय?"

हेमांगीनं तोंड उघडलं. ठरवलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवेना.

"मी काही बघितलं नाही, मनू. फक्त चौकट..."

ती थांबली, पण उशीर झाला होता.

मनवा जमिनीवर बसली, ओट्याला पाठ टेकून. गुडघे तिनं पोटाशी घेतले. हेमांगी उठून तिच्याजवळ गेली आणि खांद्यावर हात ठेवू लागली. मनवानं तो हळूच बाजूला केला.

"कुठला रंग होता, ते सांग."

"नको ना गं. तुला नको होतं ना कळायला."

"आता काय राहिलंय त्यात? सांग. तुझ्या तोंडानं सांग."

हेमांगीनं सांगितलं.

शेजारच्या खोलीत कुणीतरी टीव्ही लावला. मनवा समोरच्या भिंतीकडे बघत होती. ती कितीतरी वेळ हललीही नाही, आणि ती हलत नाहीये याकडेच आपण डोळे लावून बसलोय, हे हेमांगीच्या लक्षात आलं. पुढची पंचवीस वर्षं आपण हिच्याकडे असंच बघणार, हेही लक्षात आलं.

"माझ्या साहेबाला माहीत होतं," मनवा शेवटी म्हणाली. "विमावाल्यांना माहीत होतं. सौमित्रच्या आईला, त्याच्या काकाला, सौमित्रला. आणखी किती जणांना?"

"माहीत नाही," हेमांगी म्हणाली. ते खरंच होतं. तिनं ओजसला ते विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं.

"हात माझा," मनवा म्हणाली. "आणि मला सगळ्यात शेवटी कळलं."